सॉफ्टवेअर परवाना व चोरटी प्रत

सॉफ्टवेअर विकत घेताना सहसा मालकी मिळत नाही. मिळतो तो ठरावीक अटींवर वापरण्याचा परवाना. परवान्याबाहेर केलेली नक्कल म्हणजे चोरटी (पायरेटेड) प्रत. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रणालीचा समावेश ‘साहित्यकृती’त झाला. चोरटी प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३-बीनुसार ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय कैद टाळू शकते. अधिकृत प्रतीची सुरक्षित राखीव प्रत काढणे मात्र वैध आहे.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील लग्नपत्रिका, अहवाल जुळवणाऱ्या डीटीपी व्यावसायिकांपुढे परवाना घ्यावा की चोरटी प्रत वापरावी, हा प्रश्न रोजचा ठरतो. परवान्याची किंमत छोट्या दुकानाला जड जाते, हा बचाव सहानुभूतीस पात्र असला तरी पुरेसा नाही. कारण मराठी टंक व श्री-लिपीसारख्या प्रणाली घडवणारे पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकसारखे उद्योगही परवान्यांच्या विक्रीवरच चालतात. शिवाय आता लिबरऑफिस व इंकस्केप ही सॉफ्टवेअर आणि ‘मुक्ता’सारखे युनिकोड टंक मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात.