यंत्रापाशी उभा असतो त्याला विचारा

कारखान्यात धोका कुठे आहे, हे सर्वांत आधी कोणाला कळते? मालकाला नाही आणि वर्षाकाठी येऊन जाणाऱ्या निरीक्षकालाही नाही. ज्याचा हात रोज त्या यंत्राजवळ असतो, त्याला ते आधी कळते. पण त्याला विचारायला हवे, ही गोष्ट कायद्याच्या गळी उतरायला आपल्याकडे शंभर वर्षे लागली.

आपल्या देशातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ सालचा. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, धोक्याच्या यंत्रांना कुंपण असावे, असे त्यात होते. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल मात्र अक्षर नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. कापसाची धूळ श्वासाबरोबर छातीत जाई.

१८८४ साली मुंबई सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक आणि ‘दीनबंधु’चे संपादक. स्वतः गिरणीत नोकरी केलेली असल्याने आतले जग त्यांना ठाऊक होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, या मागण्या त्यात होत्या. आणखी एक मागणी होती, तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती होती. अपघाताच्या भरपाईचा कायदा त्यानंतर ३९ वर्षांनी, १९२३ साली झाला!

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनी तिथे भाषणे केली. १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या नव्या कमिशनच्या कामात खुद्द लोखंड्यांना सामील करून घेण्यात आले. कामगारांच्या बाजूचा माणूस चौकशीच्या टेबलाशी बसला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण टेबलाशी बसण्याचा हा मान एकदाच मिळून भागत नाही. याची किंमत भोपाळने मोजली. तिथल्या कीटकनाशकाच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. कामगार संघटनेने भित्तिपत्रके लावून धोक्याची जाणीव करून दिली. कोणी कान दिला नाही. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री वायू सुटला आणि हजारो माणसे गेली. विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा तेव्हा बंदच होती.

त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात सुरक्षा समिती असावी आणि तिच्यात कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावेत, असे ठरले. धोका दिसला तर व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० च्या नव्या संहितेने, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, हा हक्क सर्वच आस्थापनांतल्या कर्मचाऱ्यांना दिला आहे. सुरक्षा समिती मात्र सरकार आदेश काढील तिथेच सक्तीची आहे.

आणि समिती कागदावर असली म्हणजे झाले, असेही नाही. वहीत सह्या होतात, चहा होतो, बैठक संपते. कंत्राटावर आलेला पोरगा, ज्याच्याकडून सगळ्यांत धोक्याचे काम करून घेतात, त्याला समितीत कोण आहे हेसुद्धा ठाऊक नसते. ठाऊक असले, तरी तोंड उघडले तर उद्या फाटकातून आत घेतील का, ही धास्ती असतेच.

तेव्हा आपण कुठे साहेब असाल, मुकादम असाल, तर एवढे करून पाहावे. पुढच्या बैठकीआधी यंत्रापाशी जावे, तिथे उभ्या असलेल्याला विचारावे, “बाबा रे, इथे तुला भीती कशाची वाटते?” तो सांगेल ते वहीत लिहून घ्यावे. आणि ते सांगितल्याबद्दल त्याची रोजी जाणार नाही, एवढे पाहावे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)