चकमक की लढाई? 'स्कर्मिश' या इंग्रजी शब्दाची गोष्ट

७ डिसेंबर १७६०. पानिपतजवळ मराठ्यांची आणि अहमदशहा अब्दालीची फौज महिनाभरापासून समोरासमोर तळ देऊन बसली होती. त्या संध्याकाळी नजीबखानाच्या रोहिल्यांनी मराठ्यांच्या छावणीवर चाल केली. अंधार पडल्यावरही झुंज चालू राहिली. अखेर रोहिले मागे हटले, पण सदाशिवरावभाऊंचे अत्यंत विश्वासू सेनानी बळवंतराव मेहेंदळे गोळी लागून पडले.

इंग्रजी ग्रंथांत या प्रसंगासाठी अनेकदा 'स्कर्मिश' हा शब्द योजलेला आढळतो आणि मराठी वाचकाला तो टोचतो. शब्दकोशात 'किरकोळ चकमक' असा अर्थ सापडतो. ज्या झुंजीत एवढा मोठा माणूस गेला ती किरकोळ कशी, असा प्रश्न मग रास्तच वाटतो. या रागापोटी काही तरुण अभ्यासक इंग्रजीत लिहिताना दुसरे टोक गाठतात आणि दोन तुकड्यांच्या प्रत्येक झटापटीला 'बॅटल' म्हणू लागतात. दोन्हीकडे घोटाळा एकच आहे: 'स्कर्मिश' हा शब्द नेमके काय मोजतो, हे ध्यानात घेतलेले नसते. या थ्रेडचा विषय तोच.

शब्दाचे मूळ जर्मनिक भाषाकुळात आहे. 'रक्षण करणे, आडोसा धरणे' अशा अर्थाच्या एका जुन्या धातूपासून फ्रेंचमध्ये तलवारीचे हात करण्याला 'एस्किर्मीर' म्हणू लागले आणि तिथून मध्ययुगीन इंग्रजीत 'स्कर्मिश' आला. आजच्या जर्मन भाषेतला 'शिर्म' म्हणजे आडोसा किंवा छत्र, हा त्याच घराण्यातला. जर्मन माणूस पावसात जी छत्री उघडतो तिच्या नावातही हा 'शिर्म' आहे.

इटालियनमध्ये चकमकीला 'स्कारामुच्चा' म्हणतात. सतराव्या शतकात तिबेरिओ फिओरिल्ली या नटाने याच नावाचे एक विनोदी पात्र गाजवले. बढाईखोर, पण वेळ आली की पळ काढणारे हे पात्र फ्रेंचांकडे 'स्कारामूश' झाले आणि पुढे क्वीन या बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त जाऊन पोहोचले. रग्बीतला 'स्क्रम' आणि अमेरिकन फुटबॉलमधला 'स्क्रिमेज' हेही 'स्कर्मिश'चेच अपभ्रंश. शब्दांचे गणगोत कुठवर पसरलेले असेल, सांगता येत नाही.

'आडोसा' हा मूळ अर्थ लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण युद्धशास्त्रात 'स्कर्मिशर' या सैनिकाचे काम तेच असे. मुख्य फौज रांगा धरून मागे उभी असताना हलकी हत्यारे घेतलेले हे शिपाई पुढे विखरून जात. शत्रू कुठे आहे, किती आहे, याचा अंदाज घ्यायचा, त्याला सतावायचे आणि आपल्या फौजेची मांडणी त्याच्या नजरेपासून झाकून ठेवायची, ही त्यांची कामगिरी. नेपोलियनच्या सैन्यात 'व्होल्टिजर' होते, त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिशांकडे हिरव्या गणवेशातली ९५ वी रायफल पलटण होती. आपल्याकडे मुघल सैन्यव्यवस्थेतही मुख्य फौजेच्या पुढे चालणाऱ्या टेहळणीच्या तुकड्यांना 'करावल' म्हणत. अशा दोन आघाड्या एकमेकींना भिडल्या, की होते ती 'स्कर्मिश'.

म्हणून हा शब्द वापरण्यापूर्वी पहिला प्रश्न मृतांच्या आकड्याचा नसून निराळाच असतो. दोन्हीकडच्या मुख्य फौजा निर्णयाच्या तयारीने रणात उतरल्या होत्या का? की फौजेचा एखादा भाग शत्रूच्या एखाद्या भागाशी भिडून मागे आला?

प्लासीचे उदाहरण घ्यावे. २३ जून १७५७ रोजी क्लाइव्हच्या सुमारे ३,००० सैनिकांपैकी जेमतेम वीस-बावीस ठार झाले. आकडाच निकष मानला, तर प्लासी ही चकमक ठरेल आणि काही इतिहासकारांनी उपरोधाने तसे म्हटलेही आहे. तरीही इंग्रजीत 'बॅटल ऑफ प्लासी' हेच नाव रूढ झाले, कारण दोन्ही पक्षांचे मुख्य सैन्य आणि मुख्य सेनानी मैदानात होते आणि बंगालचा निकाल तिथे लागला. याच्या उलट, एखाद्या चकमकीत शंभर माणसे मेली, तरी ती चकमकच राहू शकते.

चकमकींची संख्या लढायांच्या कितीतरी पट असते, हेही विसरले जाते. अमेरिकन यादवी युद्धातील घटनांच्या एका वारंवार उद्धृत होणाऱ्या वर्गीकरणात 'बॅटल' ७६, 'एंगेजमेंट' ३१० आणि 'स्कर्मिश' तब्बल ६,३३७ आहेत. युद्धावर गेलेल्या सामान्य शिपायाचा शत्रूशी सामना बहुतेक वेळा या तिसऱ्या खान्यातच होई. अर्थात खाने पक्के नसतात. १ जुलै १८६३ च्या सकाळी गेटिसबर्गजवळ घोडदळाची एक तुकडी आणि पुढे येणारे पायदळ यांच्यात चकमक सुरू झाली. दोन्हीकडून कुमक येत गेली आणि तिसऱ्या दिवशी ती त्या युद्धातली सर्वांत रक्तरंजित लढाई ठरली. अशा वेळी इंग्रजी लेखक 'चकमकीतून सर्वंकष लढाई ओढवली' अशी रचना करतात. एकाच दिवसाला दोन शब्द लागतात आणि दोन्ही बरोबर असतात.

आता पुन्हा पानिपत. १ नोव्हेंबर १७६० च्या सुमारास दोन्ही फौजा आमनेसामने आल्या आणि निर्णायक लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. मधले अडीच महिने रिकामे गेले नाहीत. नोव्हेंबरमध्ये जनकोजी शिंदे यांची वजीर शहावलीखानाच्या फौजेशी झुंज झाली. डिसेंबरमध्ये रोहिल्यांचा हल्ला आणि मेहेंदळे यांचा मृत्यू. त्याच महिन्यात अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले अताईखानाच्या अचानक हल्ल्यात मारले गेले. यातील पहिल्या दोन प्रसंगांना 'स्कर्मिश' म्हणणे युद्धशास्त्राच्या दृष्टीने चोख आहे. प्रत्येक वेळी फौजेचा भाग भिडला, दोन्ही छावण्या जागेवर राहिल्या, मुख्य निर्णय पुढे ढकलला गेला. गोविंदपंतांचा प्रसंग मात्र निराळा. बेसावध शत्रूवर दुरून येऊन घातलेली ती झडप होती. तिला 'सरप्राइझ अटॅक' किंवा 'रेड' म्हणावे.

आणि या 'किरकोळ' घटनांचे परिणाम काय झाले? मेहेंदळे गेल्याने भाऊंच्या भोवतालचा एक भरवशाचा खांब गेला. गोविंदपंत पडल्यावर अब्दालीच्या रसदेवरचा दाब संपला आणि मराठी छावणीची उपासमार वाढत गेली. १४ जानेवारीला मराठे ज्या अवस्थेत मैदानात उतरले, ती अवस्था या अडीच महिन्यांनी घडवली होती. 'स्कर्मिश' हा शब्द घटनेचा आकार आणि युद्धातली जागा सांगतो. शौर्य किंवा परिणाम मोजण्याचे काम तो करीत नाही. खरा अपमान बहुधा त्याच्या मागे चिकटवलेल्या 'मिअर' या विशेषणात असतो. 'मिअर स्कर्मिश' असे कुणी लिहिले, तर आक्षेप त्या विशेषणावर घ्यावा.

मराठ्यांच्या इतिहासाविषयी इंग्रजीत लिहिताना शब्दांची ही वाटणी फार उपयोगी पडते. १६६३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी लाल महालात शायिस्ताखानावर घातलेला छापा ही 'रेड'. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची झालेली कोंडी ही 'अँबुश'. १६६५ चा पुरंदर हा 'सीज', म्हणजे वेढा. १६७२ चे साल्हेर, जिथे उघड्या मैदानावर मोठ्या फौजा भिडल्या, ती नि:संशय 'बॅटल'. या सगळ्यांना सरसकट 'बॅटल' म्हटले, की मराठ्यांच्या युद्धपद्धतीचे वैविध्यच पुसले जाते. छापा आणि कोंडी ही स्वतंत्र कौशल्ये होती. त्यांना मैदानी लढाईची उसनी प्रतिष्ठा देण्याची गरज नाही.

थोडे व्याकरणही. 'स्कर्मिश' हे मोजता येणारे नाम आहे, म्हणून एकवचनात त्याच्याआधी 'अ' हवा. चकमक कोणाशी झाली हे सांगताना 'विथ', कोणाकोणात झाली हे सांगताना 'बिट्वीन', कशावरून झाली हे सांगताना 'ओव्हर' ही अव्यये येतात. चकमक उडाली, याला 'ब्रोक आउट' हे क्रियापद शोभते. क्रियापद म्हणून वापरताना ते अकर्मक असते: 'दे स्कर्मिश्ड विथ द एनिमी' हे बरोबर, 'विथ' गाळले की वाक्य लंगडे होते. स्थळनाम जोडतानाही बारकावा आहे. इंग्रजी सहसा 'बॅटल ऑफ पानिपत' म्हणते, पण 'अ स्कर्मिश निअर पानिपत' किंवा 'अ‍ॅट' अमुक गाव. 'ऑफ' लावले की घटनेला नाव मिळते, इतिहासात तिची खुर्ची ठरते. 'निअर' आणि 'अ‍ॅट' फक्त जागा दाखवतात. रस्त्यावरच्या दोन माणसांच्या मारामारीला मात्र हा शब्द शोभत नाही, तिथे 'स्कफल' किंवा 'ब्रॉल'. शाब्दिक चकमकीला तो लाक्षणिक अर्थाने चालतो.

मराठीतून इंग्रजीत जाताना आणखी एक खड्डा आहे. आपला 'चकमक' शब्द मुळात तुर्की, फारसीमार्गे आलेला. त्याचा पहिला अर्थ गारगोटी, जिच्यावर पोलाद आपटले की ठिणगी उडते. अठराव्या शतकातल्या पुष्कळ बंदुकांचा बारही अशाच गारगोटीच्या ठिणगीने उडे, त्यामुळे तेव्हाच्या चकमकीत अक्षरश: चकमक झडत असे. पण आजची वृत्तपत्रे पोलिसी 'एन्काउंटर'लाही चकमकच म्हणतात. ते 'स्कर्मिश' असे उलटे भाषांतरित केले, तर अर्थ पार बदलतो.

शब्द अचूक असला म्हणजे तो निष्पाप असतोच असे नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे बोस्टनहून निघालेल्या सुमारे ७०० ब्रिटिश सैनिकांपैकी आघाडीच्या तुकड्या लेक्झिंग्टन गावात शिरल्या. गावच्या पटांगणावर कॅप्टन जॉन पार्कर यांचे साधारण ७७ स्वयंसैनिक उभे होते. गोळी कोणी आधी झाडली, हे आजतागायत ठरलेले नाही. काही मिनिटांत गावकऱ्यांपैकी आठ जण ठार झाले; ब्रिटिशांचा एक शिपाई जखमी झाला. पुढे कॉन्कॉर्डचा पूल, मग बोस्टनकडे परतताना वाटभर झालेला गोळीबार. संध्याकाळपर्यंत ब्रिटिशांचे ७३ सैनिक मारले गेले होते. त्या संपूर्ण दिवसाला 'बॅटल्स ऑफ लेक्झिंग्टन अँड कॉन्कॉर्ड' म्हणणे योग्यच. पण पहाटेच्या त्या काही मिनिटांना काय म्हणावे?

त्या आठवड्यात वसाहतवाल्यांनी साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे घेतली. त्यांचा सूर असा, की गावकरी पांगत असताना राजाच्या सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ही कागदपत्रे वेगवान जहाजाने लंडनला धाडली गेली आणि जनरल गेज यांच्या अधिकृत अहवालाआधी तिथे पोहोचली. त्या घडीला निरपराधांची कत्तल हीच कथा कामाची होती. उलट गोळीबार केल्याचा उल्लेख या साक्षींत जवळजवळ नाही.

पन्नास वर्षांनी गरज बदलली. १८२४ मध्ये लाफायेत यांच्या दौऱ्याच्या निमित्ताने लेक्झिंग्टन आणि कॉन्कॉर्ड या शेजारी गावांत वाद पेटला: ब्रिटिशांचा पहिला सशस्त्र प्रतिकार कोणाच्या भूमीवर झाला? कत्तल झालेल्या गावाला तो मान मिळणार नव्हता. मग लेक्झिंग्टनच्या हयात वृद्धांकडून नव्या साक्षी घेण्यात आल्या. आपण उलट गोळ्या झाडल्या होत्या, असे आता त्यांत आले. १८२५ मध्ये एलायस फिनी यांनी या साक्षींसह पुस्तक काढले, त्याच्या शीर्षकात 'बॅटल अ‍ॅट लेक्झिंग्टन' होते. दोनच वर्षांत कॉन्कॉर्डचे धर्मगुरू एझ्रा रिप्ली यांनी आपल्या गावाच्या बाजूने उत्तर छापले. म्हातारे खोटे बोलले, असे म्हणण्याचे कारण नाही. काहींनी खरोखर गोळ्या झाडल्याही असतील. पण १७७५ मध्ये जे सांगणे अडचणीचे होते, तेच १८२५ मध्ये अभिमानाचे झाले होते.

चित्रांतही हा बदल दिसतो. १७७५ मध्येच एमॉस डूलिटल यांनी छापलेल्या ताम्रपटचित्रात ब्रिटिशांची रांग धूर सोडते आहे आणि गावकरी पांगताहेत, पडताहेत. शीर्षकात 'बॅटल' असले, तरी चित्रात लढाई एकाच बाजूची आहे. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत एकेक गावकरी वळून बंदूक रोखू लागतो. १८८६ साली हेन्री सँडहॅम यांनी रंगवलेल्या भव्य चित्रात तर गावकऱ्यांची रांग पाय रोवून ठामपणे उभी आहे आणि ब्रिटिशांवर गोळ्या झाडते आहे. ते चित्र लेक्झिंग्टनच्याच सभागृहात लावलेले आहे.