काडतुसाची पितळी पुंगळी : झीज, चिरा आणि पारख

आपल्या आदिलाबाद, बोथ, उटनूर भागातल्या काही जुन्या घरांत आजोबांच्या वेळेची परवान्याची बंदूक अजून आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली. बंदूक मात्र वारसाने किंवा पीकसंरक्षणाच्या कारणाने घरात राहिली. तिच्यासोबत कपाटाच्या वरच्या फळीवर एक डबा असतो. त्यात थोडी जुनी काडतुसे आणि थोड्या रिकाम्या पुंगळ्या. काडतूस महाग आणि सहज न मिळणारे, त्यामुळे "पुंगळी तर शाबूत आहे, पुन्हा भरून घेऊ" असे घरात कोणीतरी म्हणतेच. पुंगळी शाबूत आहे हे ओळखायचे कसे, एवढ्यासाठी ही माहिती.

आम्ही स्वतः या वाटेला बँकेमुळे आलो. गार्डची बारा बोर बंदूक आणि काडतुसे मोजून रजिस्टरवर सही करणे हे आमच्या कामांपैकी एक. आम्ही मोजत होतो, पाहत नव्हतो. एका पावसाळ्यानंतर आमच्या गार्डने, ते फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, चामड्याच्या पट्ट्यातून एक काडतूस ओढून समोर धरले. पितळी बुडाला हिरवा कळंक चढला होता. "साहेब, आकडा बरोबर आहे, माल बरोबर नाही," एवढेच ते म्हणाले. चामड्यातली आम्ले आणि क्षार दमट हवेत पितळेला खातात. म्हणून काडतुसे पट्ट्यात कायमची ठेवू नयेत, हे तेव्हा कळले.

पितळ आणि त्याचे गुण

काडतुसाचे पितळ साधारण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे असते. चकतीची वाटी, वाटीची लांब नळी, असे टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा नंतरचा. पुंगळीचे बूड मुद्दाम कडक ठेवतात आणि तोंड मऊ. बार उडाला की पुंगळी फुगून नळीच्या खोबणीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि क्षणात थोडी आकसते, म्हणून ओढून काढता येते. हे फुगणे-आकसणे जोवर नीट चालते तोवर पुंगळी चांगली.

पितळ ठोकले, वाकवले, ओढले की कडक होत जाते. तांबट घागर ठोकताना मध्येच भट्टीत ताव देतो तो याचसाठी. ताव न देता ठोकत राहिला तर पत्रा तडकतो. पुंगळीचेही तसेच. प्रत्येक बाराला ती फुगते, पुन्हा भरताना साच्यात दाबली जाते आणि दरवेळी थोडी कडक होते.

पावसाळ्यातली चीर

या विषयातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट हिंदुस्थानातलीच आहे. ब्रिटिश फौजेच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत आणि दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई. पाऊस संपल्यावर पेट्या उघडल्या की न वापरलेल्या काडतुसांनाच चिरा पडलेल्या दिसत, विशेषतः जिथे पुंगळी गोळीवर आवळलेली असते तिथे. म्हणून या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडले. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढताना पितळात राहून गेलेला ताण, हे एकत्र आले की धातू आतून फुटतो. तेव्हापासून तयार पुंगळीला मंद उष्णता देऊन हा ताण काढतात.

आता तबेले गेले, पण आपल्याकडे कापसाच्या हंगामात युरियाची पोती घरातच असतात आणि गोठा भिंतीला लागून. ओलावा लागलेल्या युरियातूनही अमोनिया सुटतो. बंदुकीचा डबा खताच्या खोलीत असेल तर आजच हलवावा. अमोनिया असलेले पॉलिशही पुंगळीला लावू नये. चीर आधी केसासारखी बारीक असते. उजेडात फिरवून भिंगाने पाहिल्याशिवाय दिसत नाही.

झिजलेल्या पुंगळीच्या खुणा

तोंडाशी उभी चीर दिसली तर पितळ कडक होऊन गेले आहे. न चिरलेल्या तोंडाला ताव देऊन मऊ करता येते, पण ताव बुडापर्यंत पोचला तर बूड मऊ पडते आणि पुढच्या बाराला वायू मागे, म्हणजे डोळ्यांकडे येऊ शकतो. चिरलेल्या पुंगळीला उपाय नाही.

खरी घातक खूण बुडाच्या थोडी वर असते. तिथे पुंगळीभोवती चकचकीत किंवा फिकट कडे दिसले तर आतून पितळ पातळ झाले आहे. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून वर ओढावी. खाच असेल तर तार अडते. अशी पुंगळी नळीतच दोन तुकडे होते. हा दोष थ्री-नॉट-थ्रीमध्ये जास्त दिसतो. तिची पुंगळी मागच्या कडेवर टेकते आणि पुढे मोकळी जागा राहिली की बाराला ताणली जाते. .३१५ चे काडतूसही कडेचेच. एकाच रायफलीच्या अनेक पुंगळ्यांवर हे कडे येत असेल तर दोष पुंगळीचा नाही, रायफलीचा. ती परवानाधारक कारागिराला दाखवावी.

पुंगळी लांबली म्हणून तोंड कापून मापात आणतात. पण कापलेला तुकडा आला कुठून? बुडाजवळच्या भिंतीतून पितळ पुढे सरकले म्हणून. वरून मापात दिसणारी पुंगळी खालून पोकळ होत असते.

प्राइमर अंगठ्याने सहज बसत असेल, किंवा त्याच्याभोवती काजळी असेल, तर बूड पसरले आहे. तेही दुरुस्त होत नाही. चिंच, लिंबू-मीठ लावून घासलेल्या पुंगळीवर गुलाबी डाग दिसले तर पितळातले जस्त गेले आणि तांबे उरले असे समजावे. देवघरातल्या समईला ते चालते, इथे नाही.

भरण्याआधी कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळाच. म्हणून रिकाम्या पुंगळ्याही भंगारात घालू नयेत. आपल्या भागात उशेगाव, केसलागुडा इथले ओझा कारागीर ढोकरा मूर्तींसाठी जुने पितळ वितळवतात. भंगारातून एखादे जिवंत काडतूस त्यांच्या मुशीत गेले तर काय होईल, सांगायला नको.

वडिलांच्या नावाचा परवाना संपला किंवा ते गेले, तर कलम २१ प्रमाणे बंदूक आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. वारसाच्या परवान्याचा अर्ज नंतर करता येतो. जमा करताना काडतुसे आणि पुंगळ्या वेगवेगळ्या मोजून, कळंक चढलेली किती तेही लिहून, शिक्क्याची पावती घ्यावी.