लाटेवरची चित्रं

एअरब्रश जन्माला आला तो समुद्रापासून फार लांब. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अ‍ॅबनर पीलर यांनी हवेच्या झोतानं रंग उडवणारं एक यंत्र घडवलं. सुरुवातीला त्याचा मोठा उपयोग छायाचित्रं सुधारण्यासाठी होई. हात कुणाचा फिरला ते दिसू नये, हीच त्याची खुबी!

लाटेवर फळी घेऊन उभं राहण्याची कला हवाई बेटांची. तिथल्या फळ्या लाकडाच्या असत. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमच्या फळ्या करायला घेतल्या. हा फोम हलका आणि कोऱ्या कागदासारखा पांढरा. १९७० च्या दशकात त्या पांढऱ्यावर एअरब्रश रमला.

यामागं कारागिरीचं कारण आहे. फळी तासून, घासून गुळगुळीत झाली की त्यावर रंग द्यायचा आणि मग काचतंतूंचं कापड पसरून रेझिन ओतायचं. रंगाचा थर जाड असेल तर वरचं कवच नीट धरत नाही. म्हणून ॲक्रिलिक रंगाची विरळ फवारणी. कडांना चिकटपट्टी, आकारांसाठी कापलेले साचे. चूक झाली तर खोडायची सोय जवळजवळ नाहीच. रेझिन सुकलं की चित्र काचेखाली कायमचं बंद.

फळी बनवून घेणारा सांगे, मला ज्वाळा हव्यात, मला मावळता सूर्य हवा. ऑस्ट्रेलियाचा मार्क रिचर्ड्स १९७९ ते १९८२ असा सलग चार वेळा जगज्जेता झाला. त्याच्या भडक रंगांच्या फळ्या आणि सुपरमॅनच्या धर्तीवरचं ‘एमआर’ हे चिन्ह लांबून ओळखू येई.

गझलेच्या शेवटच्या शेरात कवी आपलं तखल्लुस गुंफतो, म्हणून मला इथं एक गोष्ट खटकते. फळी तासणारा पेन्सिलीनं तिच्यावर सही करतो, स्वाराचं नाव जगभर होतं, आणि रंगवणारा मात्र पुष्कळदा बिननावाचाच राहतो.

५ डिसेंबर २००५ रोजी क्लार्क यांनी आपला फोमचा कारखाना अचानक बंद केला. अमेरिकेतल्या बहुतेक फळ्या त्याच फोमच्या असल्यामुळं छोट्या कार्यशाळा हादरल्या आणि बाहेरून येणाऱ्या तयार फळ्यांना वाट मिळाली. आता संगणकावर छापलेलं कापडही फळीवर चढतं. तरीही हातानं रंगवलेली फळी मागणारे आहेत. अशी फळी कुठं दिसली, तर ती कुणी रंगवली हेही जरूर विचारावं.