जिओफोन : अवमंदन व विवर्धन मंडल

हौशी भूकंपमापनात बहुधा ४.५ हर्ट्‌झ नैसर्गिक कंप्रतेचा जिओफोन वापरतात. त्यातील स्प्रिंगला टांगलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलले की विद्युत् दाब निर्माण होतो.

अवमंदन : धक्क्यानंतर वेटोळे झुलतच राहिले, तर नोंद जमिनीची न राहता स्प्रिंगची होते. म्हणून वेटोळ्याला समांतर रोधक जोडतात. त्यातला प्रवर्तित प्रवाह लेंझच्या नियमानुसार गतीला विरोध करतो. रोध कमी केल्यास अवमंदन वाढते, पण संकेत क्षीण होतो. क्रांतिक मूल्याच्या (वेटोळे न झुलता लवकरात लवकर थांबेल अशा अवमंदनाच्या) सुमारे ०.७ पट अवमंदन योग्य ठरते.

विवर्धन : जमिनीच्या सेकंदाला १ मायक्रोमीटर वेगाने जेमतेम काही दशक मायक्रोव्होल्ट मिळतात. हा संकेत कमी गोंगाटाच्या विवर्धकाने सुमारे हजारपट वाढवावा आणि घरगुती विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण गाळूनच नोंदवावा.