चयापचय
चयापचय : सजीवांच्या पेशींत अखंड चालणाऱ्या रासायनिक घडामोडींना मिळून चयापचय म्हणतात. लहान रेणू जोडून मोठे रेणू रचणे हा चय. मोठे रेणू फोडून ऊर्जा व सुटे भाग मिळवणे हा अपचय. दोन शब्दांचा हा जोड अगदी नेमका आहे, कारण या क्रिया आळीपाळीने नव्हे, तर बरोबरीने चालतात.

भिजवून फडक्यात बांधलेली मटकी मोड येऊ लागल्यावर उलगडावी आणि पुरचुंडीच्या मध्यात बोटे घालावीत, ऊब लागते. ती दाण्यांच्या श्वसनाची उष्णता. पाणी मिळताच अमायलेज हे एंझाइम स्टार्च फोडून शर्करा मोकळी करू लागते. साठ्यातील प्रथिनांची अमिनो आम्ले होतात. पोटात वायू धरायला लावणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्कराही याच काळात बऱ्याच खर्ची पडतात. या सुट्या मालातूनच मोडाच्या नव्या पेशींच्या सेल्युलोजच्या भित्ती उभ्या राहतात आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. मोड आलेली मटकी तराजूत जास्त भरते ती पाण्यामुळे. पूर्ण वाळवून तोलली, तर ती मूळ कोरड्या दाण्यांपेक्षा हलकी भरते. त्यांतला काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेलेला असतो.

अपचयात सुटलेली ऊर्जा चयापर्यंत पोहोचवण्याचे काम मुख्यतः एटीपी हा रेणू करतो. त्याचा शोध १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी, तर हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे लावला. सुब्बाराव मूळचे आंध्रातील भीमावरमचे.

रेणू रचण्याची वाट म्हणजे फोडण्याचीच वाट उलट चालणे नव्हे. जोरात धावताना स्नायूत ग्लुकोजचे लॅक्टेट होते आणि ग्लुकोजच्या रेणूमागे एटीपीचे २ रेणू पदरात पडतात. ते लॅक्टेट रक्तावाटे यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज बनते, तेव्हा मात्र ६ एटीपींइतकी ऊर्जा मोजावी लागते. परतीच्या वाटेवर तीन टप्प्यांना वेगळी एंझाइमे लागतात, म्हणूनच इन्सुलिनसारख्या संप्रेरकांना एक वाट रोखून दुसरी खुली ठेवता येते. स्नायू आणि यकृत यांच्यामधले हे चक्र कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने उलगडले.

अपचय डोळ्यांनीही पाहता येतो. मुका मार लागून काळेनिळे झालेले कातडे काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळे पडते. साकळलेल्या रक्तातील हीमोग्लोबिन फुटून आधी हिरवे बिलिव्हर्डिन, नंतर पिवळे बिलिरुबिन झालेले असते. बिलिरुबिन यकृतातून पित्तावाटे बाहेर पडते. सुटलेले लोह मात्र शरीर जपून ठेवते आणि अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या नव्या तांबड्या पेशींच्या हीमोग्लोबिनसाठी ते पुन्हा वापरते.