गटे : एका विरळ आडनांवाची कुळकथा

मुंबईंत किंवा पुण्यांत जर्मन भाषा शिकूं इच्छिणाऱ्या तरुणांस ‘मॅक्स म्युलर भवन’ हें नांव चांगलें परिचयाचें असतें. परंतु ज्या संस्थेची ही शाखा, तिचें मूळ नांव निराळें आहे. १९५१ सालीं जर्मनींत स्थापन झालेली ही संस्था महाकवि गटे याच्या नांवानें ओळखली जाते. भारतांत मात्र तिनें ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांचें नांव पुढें केलें आहे. एका पाटीवर शेजारीं शेजारीं आलेल्या या दोन आडनांवांकडे थोडें निरखून पाहिलें तर मोठी मौज दिसते. म्युलर हें जर्मनींत सर्वांत अधिक आढळणारें आडनांव, आणि गटे हें अत्यंत विरळ. ‘म्युलर’ इतके बोकाळलेले कीं, आपण त्यांत हरवून जाऊं म्हणून त्या पंडितांनीं आपलें ‘मॅक्स’ हें पाळण्यांतील नांवच आडनांवास जोडून घेतलें. गटेवर असा प्रसंग कधीं आला नाहीं. त्याच्या घराण्यावर निराळाच प्रसंग आला, आणि त्याचीच हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों.

गटे हा मराठी वाचकांस परका नाहीं. विल्यम जोन्स यांनीं १७८९ सालीं ‘शाकुंतला’चें इंग्रजी भाषांतर केलें, त्यावरून गेओर्ग फोर्स्टर यांनीं १७९१ सालीं तें जर्मन भाषेंत आणलें, आणि तें वाचून गटे किती हरखून गेला ही कथा आपल्याकडे कित्येक पिढ्या सांगितली जात आहे. त्याचें नांव मात्र आपल्या लिखाणांत गटे, गेटे, गोएथे, ग्योथे अशा नाना वेषांनीं वावरत आलें आहे. त्याबद्दल मराठी लेखकांस फारसा दोष देतां येणार नाहीं. खुद्द कवीच्या घराण्यांतहि हें नांव पिढ्यान् पिढ्या एकाच तऱ्हेनें लिहिलें गेलेलें नाहीं. कोणी पहिल्या स्वरावर दोन टिंबें दिलीं, कोणी टिंबांऐवजी ‘ओ’ व ‘ए’ हीं दोन अक्षरें लिहिलीं, कोणी मधला ‘ह’ गाळला, आणि कवीच्या आजोबांनीं तर शेवटच्या अक्षरावर फ्रेंच धर्तीची आघातरेषाहि चढविली.

हें नांव आलें तरी कोठून? जर्मनींत बाराव्या शतकाच्या सुमारास शहरें वाढूं लागलीं आणि एकाच पेठेंत एका नांवाचीं अनेक माणसें नांदूं लागलीं, तेव्हां त्यांना ओळखण्यासाठीं नांवापुढें कांहीं खूण जोडण्याची गरज पडली. कोणाला बापाच्या नांवावरून, कोणाला मूळ गांवावरून, कोणाला घराच्या जागेवरून, कोणाला धंद्यावरून, तर कोणाला अंगच्या लकबीवरून ही खूण मिळाली, आणि पुढें ती वंशपरंपरेची झाली. म्युलर म्हणजे दळणाच्या चक्कीचा मालक किंवा चालक, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे मासे धरणारा, वेबर म्हणजे विणकर. गांवोगांवीं एक चक्की व एक लोहारशाळा असावयाचीच. त्यामुळें हीं आडनांवें शेंकडों ठिकाणीं स्वतंत्रपणें उगवलीं आणि त्यांचें रान माजलें.

गटे या नांवाची व्युत्पत्ति दोन प्रकारें लावतात. एका मताप्रमाणें तें ‘गोट्फ्रीड’ यासारख्या, ‘गोट्’ म्हणजे देव या शब्दानें सुरू होणाऱ्या जुन्या नांवांचें लाडकें, आंखूड रूप आहे. दुसऱ्या मताप्रमाणें त्याचा संबंध मध्ययुगीन जर्मन भाषेंतील एका नात्याच्या शब्दाशीं आहे. बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाची धर्मानें जबाबदारी घेणारा जो मानलेला पिता, तो त्या शब्दानें ओळखला जाई. दोन्ही मतें घेतलीं तरी नांव घरगुती आणि साधें आहे. त्यांत सरदारकीचा वास नाहीं.

या नांवावरून तरुणपणीं कवीला एकदां चांगलाच चिमटा बसला होता. १७७० च्या सुमारास तो स्ट्रासबुर्ग येथें शिकत असतां त्याचा वडीलधारा स्नेही हेर्डर यानें एका पद्यमय चिठींत त्याच्या नांवावर कोटी केली, आणि हें नांव देवांपासून निघालें, प्राचीन गॉथ लोकांपासून निघालें, कीं चिखलघाणीपासून निघालें, असा प्रश्न टाकला. हेर्डरनें तो विनोद कदाचित् दुसऱ्या दिवशीं विसरूनहि टाकला असेल. गटे मात्र विसरला नाहीं. सुमारें चाळीस वर्षांनंतर आत्मचरित्र लिहितांना त्यानें तो प्रसंग नमूद केला आणि नांव ही वरून पांघरलेली वस्तु नसून माणसाच्या कातडीसारखी त्याच्याबरोबर वाढत असते, तिला ओरखडा काढला तर रक्त निघतें, अशा आशयाचें आपलें मत तेथें मांडलें. जगभर कीर्ति पसरलेल्या वृद्ध कवीलाहि तो जुना ओरखडा आठवावा, यावरून नांवाची गोडी किती खोल असते हें दिसतें.

आतां घराण्याकडे वळूं. कवीचे पणजोबा थुरिंगियांतील आर्टर्न या गांवीं घोड्यांना नाल ठोकणारे लोहार होते. त्यांचे चिरंजीव फ्रीडरिख गेओर्ग हे १६५७ सालीं कानावुर्फ येथें जन्मले व शिंप्याचा धंदा शिकले. त्या काळच्या कारागिरांच्या रीतीप्रमाणें ते देशाटनास निघाले, फ्रान्समध्यें लियों येथें राहिले, आणि आडनांवावरील ती आघातरेषा घेऊनच फ्रांकफुर्टला आले. तेथें एका सधन विधवेशीं त्यांनीं १७०५ सालीं दुसरा विवाह केला, आणि सुई ठेवून तिच्या पांथस्थगृहाचा कारभार हातीं घेतला. त्यांचे पुत्र योहान कास्पर यांना बापाच्या मिळकतीमुळें कायद्याचें शिक्षण मिळालें, बादशाही कौन्सिलरचा किताब मिळाला, आणि २८ ऑगस्ट १७४९ रोजीं त्यांच्या पोटीं कवि जन्मास आला. पुढें १७८२ सालीं सम्राटानें कवीला सरदारकी दिली. लोहाराचा पणतू चार पिढ्यांत येथवर पोहोंचला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पणजोबा लोहार, म्हणजे श्मिट. आजोबा शिंपी, म्हणजे श्नायडर. धंद्यावरून नांव पडण्याची रीत त्यांच्या काळापर्यंत जिवंत असती, तर ‘फाउस्ट’चा कर्ता लाखों श्मिटांपैकीं किंवा श्नायडरांपैकीं एक ठरला असता. परंतु त्या वेळीं आडनांवें वंशपरंपरेनें गोठून गेलीं होतीं, आणि म्हणूनच तें जुनें विरळ नांव त्याच्या वांट्यास आलें.

विरळ नांव हें विरळ वस्त्रासारखें असतें. कोठें फाटेल याचा नेम नसतो. कवीच्या आईबापांच्या मुलांपैकीं कवि आणि त्याची बहीण कोर्नेलिया हीं दोघेंच बाळपण ओलांडून पुढें गेलीं. कवीला व त्याची पत्नी क्रिस्टियाने हिला पांच अपत्यें झालीं. त्यांतून जगला तो एकटा औगुस्ट. तो १७८९ सालीं जन्मला. थोर पित्याच्या सावलींत त्याचें आयुष्य गेलें, आणि १८३० च्या ऑक्टोबरांत रोम येथें तो वारला. तेथील प्रॉटेस्टंट दफनभूमींत त्याची समाधि आहे. तिच्यावरील लॅटिन लेखांत बापाच्या आधीं गेलेला गटेचा मुलगा, वय चाळीस, एवढाच मजकूर आहे. त्याचें स्वतःचें ‘औगुस्ट’ हें नांव त्यांत नाहीं! ज्याच्या एकट्याच्या जिवावर घराण्याचें नांव टिकून होतें, त्याच्या दगडावर त्याचेंच नांव राहूं नये, यापेक्षां करुण गोष्ट ती कोणती?

औगुस्टला वाल्टर व वोल्फगांग हे दोन मुलगे आणि आल्मा ही मुलगी अशीं तीन अपत्यें होतीं. आल्मा १८४४ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आंतच गेली. दोघे भाऊ अविवाहित राहिले. एकानें संगीतरचनेंत, दुसऱ्यानें परराष्ट्रखात्याच्या नोकरींत मन रमविण्याचा प्रयत्न केला. परंतु ‘महाकवीचे नातू’ या ओळखीपलीकडे जगानें त्यांना फारसें जाऊं दिलें नाहीं. वोल्फगांग १८८३ सालीं आणि वाल्टर १५ एप्रिल १८८५ रोजीं निवर्तला. त्या दिवशीं कवीचा वंश संपला. तेव्हां आज जर्मनींत जे कोणी गटे आडनांवाचे लोक असतील, त्यांच्यापैकीं एकहि कवीचा औरस वंशज नाहीं.

असें कां व्हावें, हा प्रश्न एकट्या गटेपुरता नाहीं. नामांकित घराणीं लवकर नष्ट होतात असा एकोणिसाव्या शतकांत पुष्कळांचा समज होता. त्याची गणिती छाननी करण्यासाठीं फ्रान्सिस गाल्टन यांनीं १८७३ सालीं एका इंग्रजी शिक्षणविषयक पत्रांत कूट प्रश्न घातला. हेन्री वॉट्सन या धर्मोपदेशक गणितज्ञानें त्यास उत्तर दिलें, आणि पुढच्या वर्षीं दोघांनीं मिळून त्यावर निबंध सादर केला. विचार सोपा आहे. आडनांव केवळ मुलांकडून चालतें. कोणाला मुलगा होत नाहीं, कोणाला एक होतो, कोणाला चार होतात. सरासरीनें दर पुरुषामागें एकापेक्षां अधिक मुलगा नसेल, तर पुरेशा पिढ्यांनंतर नांव नष्ट होणें अटळ; आणि सरासरी अधिक असली तरीहि निव्वळ योगायोगानें नष्ट होण्याचा संभव उरतोच. प्रत्येक नांव शेवटीं नष्ट होणारच असें वॉट्सन यांनीं अनुमान काढलें तें मात्र चुकीचें होतें, व पुढें गणितज्ञांनीं तें दुरुस्त केलें. यांतील मर्म असें कीं, वंश बुडण्यास शाप लागत नाहीं, थोरपणाची दृष्टहि लागत नाहीं. ज्या नांवाचीं घरें थोडीं, त्याचा दिवा एका वाऱ्यानें विझतो. ज्याचीं लाखों, त्याचे हजार विझले तरी उजेड कमी होत नाहीं.

आज या नांवाची स्थिति काय आहे? जर्मन आडनांवांची मोठी मोजदाद फ्रायबुर्ग व माइंत्स येथील भाषापंडितांनीं २००५ सालच्या टेलिफोन-नोंदींवरून केली. घरोघरीं तारेचा टेलिफोन असण्याचा तो अखेरचा काळ; पुढें तो मोबाइलनें मागें सारला. या मोजणीवरून सात खंडांचा आडनांवांचा नकाशासंग्रह २००९ ते २०१८ या काळांत निघाला. तींत म्युलरच्या नोंदी अडीच लाखांहून अधिक भरल्या, आणि नोंद बहुधा घराची असल्यामुळें माणसें त्याहून पुष्कळ अधिक. त्याच्यामागें श्मिट, श्नायडर, फिशर अशी रांग लागते. गटे हें नांव या रांगेंत कोठेंहि दिसत नाहीं. कित्येक लाख निरनिराळ्या जर्मन आडनांवांचा जो थोड्या थोड्या घरांत विखुरलेला प्रचंड समूह आहे, त्यांत तें मोडतें.

परंतु विरळपणा मोजतांना एक सावधगिरी हवी. १ जानेवारी १८७६ पासून सर्व जर्मन साम्राज्यांत जन्म, विवाह व मृत्यु यांच्या सरकारी नोंदी सुरू झाल्या, आणि त्या वेळीं ज्या घराण्यानें जसें लिहिलें तसें तें पक्कें झालें. दोन टिंबांचें रूप निराळें, दोन अक्षरांचें निराळें, ‘ह’विरहित निराळें. उच्चार एक असूनहि मोजणींत तीं वेगळीं पडतात. तेव्हां विरळपणाचा थोडा भाग रक्ताचा, तर थोडा कारकुनाच्या लेखणीचा आहे.

आणि रक्ताविषयीं म्हणाल तर तें आटलेंच नाहीं. कवीची बहीण कोर्नेलिया १७७७ सालीं अवघ्या सव्विसाव्या वर्षीं वारली. पण तिची मुलगी लुईझे हिचा विवाह निकोलोवियुस घराण्यांत झाला, तिला बरींच मुलें झालीं, आणि तो विस्तार आजवर चालत आला आहे. कवीच्या आईबापांचे वंशज आहेत. केवळ त्यांचें आडनांव निराळें आहे. पूर्वीं जर्मन कायद्यानें पत्नीस पतीचेंच नांव घेणें भाग होतें. १९७६ च्या सुधारणेनें पत्नीचें नांव कुटुंबाचें नांव म्हणून निवडण्याची मोकळीक दिली, १९९४ पासून दोघांनाहि आपापलें नांव राखतां येऊं लागलें, आणि १ मे २०२५ पासून दोघांनीं मिळून जोडनांव घेण्याची वाट मोकळी झाली. हे कायदे दोनशें वर्षें आधीं असते, तर आम्हांला ही कुळकथा निराळी सांगावी लागली असती.

आपल्या घरींहि मुलगा झाला म्हणजे ‘नांव चालविणारा आला’ असें आनंदानें म्हणतात. त्या आनंदावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु वाल्टर गटेनें मरतांना काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. अखेरच्या त्या वंशजानें आजोबांचें वायमार येथील घर व संग्रह राज्याच्या स्वाधीन केला, आणि हस्तलिखितांचें भांडार तेथील ग्रँड डचेस सोफी हिच्या हवालीं केलें. त्याच वर्षीं ‘गटे सोसायटी’ स्थापन झाली, घराचें राष्ट्रीय संग्रहालय झालें, आणि १८८७ ते १९१९ या काळांत कवीचें समग्र वाङ्मय १४३ ग्रंथांत छापून निघालें. हें सारें परक्या आडनांवाच्या लोकांनीं केलें. ज्यानें नांव चालविलें नाहीं, त्या अपत्यहीन नातवानेंच आपल्या हातांतील किल्ली दुसऱ्यांस देऊन तें चालतें ठेवलें. एवढें ध्यानीं धरून पुण्यामुंबईची ती पाटी पुन्हां वाचली, तर लाखों म्युलरांपैकीं एकाच्या शेजारीं हें वंशहीन नांव कसें येऊन बसलें, याचा उलगडा वाचकांस आपोआप होईल.